पाणी येईल याची गॅरंटी

जुलै महिन्यात मला फोन करणारा माणूस नमस्कार म्हणत नाही, स्वतःचं नाव सांगत नाही. तो थेट म्हणतो, "पाणी येतंय." मी म्हणतो, "बादली लावा, मी येतो." बावीस वर्षं मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतोय आणि या संवादात एका शब्दाचा फरक पडलेला नाही. लोणावळ्याच्या काही बंगल्यांत आता बादलीऐवजी सॅलडचा काचेचा बाऊल लावतात. प्रगती म्हणायची तर तेवढी.

राहायला मी तळेगाव दाभाड्यात, सोसायटीत, सात मजल्यांपैकी तिसऱ्या मजल्यावर. सगळ्यात वरचा मजला मी नातेवाइकांना घेऊ देत नाही. वरचा मजला घेणारा पुढेमागे माझं गिऱ्हाईक होतो, आणि नातेवाईक गिऱ्हाईक झाला की नातंही जातं आणि गिऱ्हाईकही.

या अंकाच्या संपादकांच्या गच्चीचं काम मी केलं आहे. त्या ओळखीवर त्यांनी कळवलं, की यंदाचा विषय 'आडबाजूची आधुनिकता' असा आहे. म्हणजे मोठ्या शहरांच्या बाहेर, कुणी फारशी दखल न घेतलेली आधुनिक चित्रं, शिल्पं, कविता, इमारती. तुम्हीही लिहा. मी म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही." ते म्हणाले, "कळणाऱ्यांचे लेख आलेत. ते मला कळले नाहीत. तुम्ही लिहा."

खरं सांगायचं तर आधुनिकतेची माझी व्याख्या तयार होती. जे गळतं ते आधुनिक.

यात कुचेष्टा कमी आणि अनुभव जास्त आहे. पाण्याला दोनच गोष्टी लागतात, ढाळ आणि वाट. उतार द्या, बाहेर पडायला जागा द्या, ते निमूट जातं. यातलं एक जरी नसलं तर पाणी उभं राहतं, आणि उभं राहिलेलं पाणी भेग शोधायला लागतं. आमचा सगळा धंदा एवढ्यावर आहे. बाकीचं जे केमिकल, जाळी, तीन थर वगैरे आम्ही सांगतो, ते बिल लिहिताना जागा भरावी म्हणून. कौलारू घरांना हा प्रश्न फारसा नव्हता. मग कुणीतरी शिकून आलं, त्यानं छप्पर सपाट केलं, आणि माझ्या मुलीच्या कॉलेजची सोय झाली.

तुंगार्लीत तलावाच्या अंगाला एक बंगला होता. साठ-एक वर्षांपूर्वी कुणा मुंबईकरानं स्वतःच्या डोक्यानं काढून बांधलेला. उघडं पुस्तक पालथं घातलं तर कौलारू घर होतं. तेच पुस्तक उताणं ठेवलं की हा बंगला. दोन्ही छपरं आतल्या बाजूला उतरती आणि बरोबर मध्ये, दिवाणखान्याच्या डोक्यावर, पन्हळ. लोणावळ्यात. हे म्हणजे वाघाच्या वाटेवर शेळीचं दुकान काढण्यासारखं. ज्यांनी बांधला त्यांची नात मुंबईत आर्किटेक्ट आहे. तिनं मला सोफ्यावर बसवलं, म्हणजे सोफ्याच्या कोरड्या टोकाला, आणि म्हणाली, "हे लीकेज नाही, काका. आजोबांनी घर आणि पाऊस यांच्यात एक संवाद कल्पिला होता."

"संवाद गादीपर्यंत आलाय," मी म्हणालो.

तिनं मला त्या घराचं महत्त्व अर्धा तास समजावलं. अशी घरं परदेशात जपतात, त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं निघतात, आपल्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. मी ऐकून घेतलं, कारण वर माझी माणसं पन्हळ उपसत होती आणि मला वेळ होता. शेवटी तिनं तेच केलं जे सगळे करतात. सगळ्या घरावर लोखंडी सांगाडा उभा करून निळा पत्रा चढवायला सांगितला. मी चढवला. आमच्या भागातल्या आधुनिकतेची कुणी दखल घेतली नाही हे खोटं आहे. मी घेतली. ती सगळी माझ्या ताडपत्रीखाली आणि पत्र्याखाली आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या मधल्या पन्हळीचं पाणी समोरच्या बागेत एका तोटीतून पडायचं, आणि ते जमिनीवर पडत नसे. खाली एक काळा दगड होता, बरोबर त्या जागी, मधोमध खोलगट झालेला. पत्रा चढल्यावर धार बंद झाली. दगड अजून आहे. त्यावर आता बार्बेक्यूची शेगडी ठेवतात. पत्र्याचं काम उत्तम झालं, पैसे वेळेवर मिळाले, आणि तरीही त्या फाटकावरून जाताना मी दुसरीकडे बघतो. कारण मला माहीत नाही.

साहित्यातल्या आधुनिकतेशीही माझा संबंध आला आहे, तो माळ्यावर. तळेगावात खरेकाका म्हणून निवृत्त पोस्टमास्तर आहेत, वरच्या मजल्यावर राहतात. स्लॅब गळून माळ्यावरचं खोकं भिजलं. खोक्यात त्यांच्या कविता होत्या, स्वखर्चानं छापलेल्या, एका पानावर एक, सगळी पानं सुटी. शिवलेली नाहीत, आकडे घातलेले नाहीत. मी विचारलं, "काका, क्रम कसा लावायचा?"

"क्रम नाहीच. वाचणाऱ्यानं लावायचा."

"वाचणारा कोण?"

"तोच प्रश्न आहे," काका म्हणाले.

आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून चिमट्यांनी पानं वाळत घातली. माझ्या माणसांपैकी दोघांना मराठी वाचता येत होतं, त्यांनी चिमटे लावता लावता काही वाचली. काका खूश झाले. म्हणाले, "एका दुपारी वाचकसंख्या दुप्पट झाली." पुण्याच्या मासिकांना कधी पाठवल्या होत्या का, असं मी विचारलं. "पाठवल्या होत्या. सगळ्या परत आल्या. म्हणजे पोचल्या होत्या. आमच्या खात्याची चूक नाही." गच्चीचं काम मी चोख केलं. आता त्या खोक्याला पाण्यापासून धोका नाही. वाचकांपासून आधीही नव्हता.

एवढ्या अनुभवावर माझी व्याख्या पक्की झाली होती. मग मागच्या उन्हाळ्यात संदीपचा फोन आला.

कान्हे स्टेशनवरून आत डोंगराच्या दिशेनं गेलं की एक गाव आहे. नाव देत नाही, कारण पुढे गावातली माणसं एकमेकांना काय काय बोलली ते येणार आहे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती आणि वस्तीचं समाजमंदिर. संदीप तिथल्या मंडळाचा अध्यक्ष, वय पंचविशीचं, तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. फोन मे महिन्यातला, त्यामुळे तो आधी नमस्कार म्हणाला. गिऱ्हाईक चांगलं आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

समाजमंदिर म्हणजे एक हॉल, वर सपाट स्लॅब. छताला आतून पिवळे-काळे डाग, पुढच्या बाजूला जास्त. रस्त्याकडची भिंत उंच आणि बिनखिडकीची, निळ्या रंगाचे थरावर थर दिलेली. लांबून ती नुसती खडबडीत दिसायची. जवळ गेलं की खाचा दिसत. वरून निरनिराळ्या जागांहून निघालेल्या, काही सरळ, काही मध्येच मोडलेल्या, दोन जवळ येऊन पुन्हा फुटलेल्या, आणि खाली सगळ्या एका रुंद उथळ पट्ट्यात जमलेल्या. पट्ट्याच्या खाली भिंतीच्या लांबीचा, गुडघ्याएवढा हौद. हौदात चपला.

"सर, हितं टाईल मारायच्यात," संदीप म्हणाला. "ग्रॅनाईट लूक. मधी फायबरचा पुतळा. माल सगळा आणून ठेवलाय, सोमवारी मिस्त्री येणार. तेवढी गळती काढा, न्हाईतर टाईल सुटतील."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी वर जायला शिडी मागितली, तेवढ्यात मागून आवाज आला, "तुम्हीच का गळती बंद करणारे?"

ऐंशी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. संदीपनं ओळख करून दिली. वाघमारे गुरुजी, हायस्कूलला ड्रॉइंग शिकवायचे, निवृत्त होऊनही जमाना झाला. ही भिंत त्यांनी केलेली.

"मग तुमचं इथं काम नाही," गुरुजी मला म्हणाले. "ही भिंत गळत नाही."

मी हसलो. "गुरुजी, हे वाक्य मी तुंगार्लीत दर वर्षी ऐकतो. तिथं इंग्रजीत असतं."

"तिथं पाणी बाहेरून आत येतं. या भिंतीवरचं पाणी बाहेरच्या बाहेर जात होतं. एवढा फरक तुम्हाला कळायला हवा. धंदा आहे तुमचा."

"झालं सुरू," संदीप पुटपुटला.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती, सुमनमावशी. तिनं सूप बाजूला ठेवलं. करमणुकीची वेळ झालेली दिसत होती.

"सायेब, तुमी कोन?" तिनं विचारलं.

"गायकवाड."

"कुटलं गायकवाड?"

हा प्रश्न मला प्रत्येक गावात दोन्ही आळ्यांत विचारला जातो. मी नेहमीप्रमाणे सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर सांगितला. तिचं समाधान झालं नाही, पण मुद्दा सोडून तिनं हकीकत सांगायला घेतली.

"मी तवा नवी नवरी. सलाब पडला, भीत झाली. एप्रिलात जयंतीला उद्घाटन. पावनं आलं, फीत कापली, समदी भितीकडं बगत्यात. ना निळा कोट, ना हातात पुस्तक, ना वर केल्यालं बोट. एक मानूस काडलेलं न्हाई. आमचा सासरा म्हणला, गुर्जी, ह्ये काय हाय? तर गुर्जी म्हणलं, महाडचं तळं."

"तळंच आहे," गुरुजी म्हणाले.

"सासरा म्हणला, तळं कुटं उभं असतंय व्हय?"

"आडवं केलं असतं तर तुम्ही त्यात चपला काढल्या असत्या."

"उभं केलं तरी काडल्याच की! त्या बगा हौदात."

संदीप हसला, मी हसलो. गुरुजी हसले नाहीत. ते मला सांगायला लागले. स्लॅबचं पाणी पाठीमागे पाइपानं न सोडता पुढच्या कठड्याला भोकं ठेवून या खाचांत सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पावसात पाणी निरनिराळ्या वाटांनी उतरेल, अडेल, पुन्हा वाट काढेल, एकत्र होईल आणि हौदात पडेल. मातीत काम करावं तसं त्यांनी सिमेंटमध्ये पाण्याचं चित्र केलं होतं. चूक एकच झाली. उद्घाटन एप्रिलात झालं. कोरड्या भिंतीसमोर.

"आणि पावसात?" मी विचारलं.

पावसात जे झालं ते मावशीनंच सांगितलं. जूनमध्ये एका दुपारी जोराचा पाऊस आला आणि भिंतीवरून पाणी सुटलं. वरच्या आळीतली दोघं रस्त्यानं चालली होती, ती उभी राहून हसली. म्हणाली, सरकारनं पक्कं बांधून दिलं तरी ह्यांचं समाजमंदिर गळतंयच. संध्याकाळच्या आत सासऱ्यानं चार माणसं वर चढवली आणि सगळी भोकं सिमेंट-डांबरानं बुजवली. मागच्या बाजूला भिंत फोडून पाइप काढला.

"सासरा लय तापला हुता," मावशी म्हणाली. आता तिच्या आवाजातली गंमत जरा कमी झाली होती. "म्हणला, आमचा जलम गळक्या छपराखाली गेला. बापाचा गेला, आज्याचा गेला. पयल्यांदा शिमिटाचं छप्पर डोक्याव आलं, आन् गुर्जी त्याचं पानी दुनियेला दाखवत्यात."

गुरुजींनी खिशाची पेन्सिल काढून पुन्हा नीट लावली. हे त्यांनी पूर्वी पुष्कळदा ऐकलं असावं.

"तुम्ही तेव्हा नव्हता?" मी गुरुजींना विचारलं.

"परगावच्या शाळेत शिकवत होतो. सुट्टीत आलो तोवर डांबर वाळलं होतं. पुढं बदल्या झाल्या." ते भिंतीकडे वळले. "मी ती वाहताना पाहिलेली नाही. केली मी, पाहिली वरच्या आळीतल्या दोघांनी. मावशी, तू पाहिली असशील."

"मी नवी नवरी, गुर्जी. पदर नाकापातूर. मला काय दिसतंय?"

म्हणजे एका माणसानं तारुण्यात एक काम केलं, ते फक्त एक दुपार चाललं, तेव्हा तो वर्गात होता, आणि सोमवारी त्यावर ग्रॅनाईट लूक बसणार होता. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, की हे सगळं तपासून घ्यावं. वाईट वाटण्याची माझी पद्धत तीच आहे.

वर जाऊन मी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी लावली. दोन टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं, त्यावरून उतार कळतो. गवंड्याची जुनी पद्धत, आणि तिला बॅटरी लागत नाही. स्लॅबचा ढाळ सगळा पुढच्या भिंतीकडे होता, चांगला, एकसारखा. आणि पाइप मागे. म्हणजे पाण्याला जिकडे जायचं होतं तिकडची वाट बंद, आणि जिकडे वाट होती तिकडे ते चढून जायला तयार नाही. इतकी वर्षं ते पुढच्या कडेला साठत होतं आणि आत झिरपत होतं. समाजमंदिर गळतंय असं दिसू नये म्हणून केलेल्या उपायानं समाजमंदिर गळायला लागलं होतं.

खाली येऊन मी संदीपला दोन पर्याय सांगितले. एक, सगळा ढाळ उलटा करायचा. त्याला वर विटांच्या तुकड्यांचा जाड थर लागेल, वजन वाढेल, आणि जुना स्लॅब ते पेलेल असं मी लिहून देणार नाही. दोन, बुजवलेली भोकं उघडायची. दुसरा पर्याय हलका, सोपा आणि टिकाऊ होता. त्याचा कलेशी काही संबंध नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर गुरुजींनी मला उगाच रसिक ठरवलं.

"पण मग पाणी भितीवरून येणार," संदीप म्हणाला.

"येणार."

"आणि टाईल?"

"मागे पाणी गेलं की सुटतील. टाईल किंवा पाणी, एक ठरवा."

संदीप मला बाजूला घेऊन गेला. "सर, तुमचं बरोबर असंल. पण तुमी आज येताय, उद्या जाताय. पावसात कुणीतरी व्हिडिओ काढणार, 'गळकं समाजमंदिर' म्हणून टाकणार, आणि तो मला कंपनीत दाखवणार. माझ्या आज्यानं डांबर लावलं ते काय हौस म्हणून लावलं का?"

मावशी त्याची आजी आणि तो डांबरवाला सासरा त्याचा पणजा, हे मला तेव्हा कळलं. आज्या तो सोयीनं म्हणत होता. त्याच्या म्हणण्यात मला खोट दिसेना. लोणावळ्यात छप्पर गळलं तर त्याला संवाद म्हणता येतं. इथं ते म्हणायची सोय नव्हती.

गुरुजी मागे येऊन उभे होते. "संदीप, एकदा वाहू दे," ते म्हणाले. "एकदाच. मग लाव टाईल. मी उद्घाटनाला येऊन टाळ्या वाजवीन."

काम केलं की आम्ही स्लॅबवर पाणी भरून पाहतोच, त्याशिवाय पैसे घेत नाही. तर ती चाचणी आधी करू, म्हणालो, आणि पाणी पाहून मग टाईलचं ठरवायला संदीप तयार झाला. शनिवारी मी कामशेतहून बांधकामाच्या पाण्याचा टँकर मागवला.

यात मी एक गोष्ट विसरलो. मे महिना होता, वस्तीच्या विहिरीनं तळ गाठला होता, आणि पिण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. शनिवार त्याचा नव्हता. त्यामुळे टँकरचा हॉर्न ऐकल्याबरोबर बाया हंडे-कळश्या घेऊन धावत आल्या, रांग लागली, नंबरावरून भांडण झालं, आणि मग सगळ्यांनी पाहिलं, की टँकरची नळी वर स्लॅबवर चालली आहे.

"अगं बाई!" सुमनमावशी रांगेत पहिली होती. "मानसं खाली तानेली, आन् पानी सलाबाला?"

"मावशी, हे पिण्याचं नाही," मी म्हणालो.

"मग सलाब पेतोय व्हय?"

"चाचणी आहे."

"गुर्जींची आसंल! पन्नास वर्सं झाली, ह्यांचं तळं काय आटंना."

बाया हसल्या. गुरुजी रस्त्याच्या पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शर्ट पुन्हा इस्त्रीचा. ते भिंतीकडे पाहत होते, बायांकडे नाही.

माझ्या माणसांनी छिन्नी-हातोडीनं डांबर फोडलं. पाणी चढायला लागलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग एका भोकातून काळा चिखल आला, मग कुजलेली पानं, मग कुठल्यातरी पाखराच्या घरट्याच्या काड्या. "लय भारी तळं," कुणीतरी म्हणालं. रांग मोडायला लागली, काही बाया हंडे उचलून निघाल्या.

मग पाणी सुटलं. सगळीकडून एकदम नाही. एका टोकाच्या खाचेतून आधी, मग मधून, मग तीन ठिकाणांहून. जिथून गेलं तिथली भिंत काळी होत गेली. एक धार सरळ आली. एक मोडलेल्या जागी अडली, फुगली आणि बाजूनं उडी मारून दुसरीला मिळाली. खालच्या पट्ट्यात आल्यावर मात्र पाणी घाईत पडेना. तो पट्टा इतका सपाट घोटलेला होता, की ते आधी आडवं पसरलं, सगळी रुंदी भरली, आणि मगच एकसारखं, काठावरून, हौदात उतरलं. मी बरेच ढाळ पाहिले आहेत. पाण्याला असं थांबायला लावणारा पहिलाच.

हौद भरला तशा चपला तरंगायला लागल्या, आणि एकच पळापळ झाली. मी मात्र आत गेलो. बाहेर सगळे भिंत पाहत असताना आत छत पाहणं हे माझं काम आहे. डागांवर हात फिरवला. नवा थेंब नव्हता. काम बरोबर झालं होतं.

बाहेर आलो तेव्हा सुमनमावशीनं हौदाच्या काठाला हंडा लावला होता.

"पिऊ नका ओ!" टँकरवाला ओरडला.

"पेत न्हाई रं बाबा, भांडी घासाय. रस्त्यावर वाया घालवायचं व्हय?"

तिच्या शेजारी दुसरी वाकली, मग तिसरी. घराकडे निघालेल्या परतल्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाया हौदावर वाकून पाणी घेत होत्या, नंबरावरून भांडत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरून ते पाणी चाललं होतं. त्या नसताना ती भिंत मला जरा रिकामी वाटली होती. आता वाटत नव्हती. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही, संपादकांनी माफ करावं.

संदीप मोबाइल धरून उभा होता. तो खुर्चीपाशी आला. "गुर्जी," तो म्हणाला, आवाजात थट्टा होती पण पातळ, "माणसं काढायची राहिलीच की तुमची."

"काढायची राहिली नव्हती," गुरुजी म्हणाले. "यायची राहिली होती."

संदीपनं व्हिडिओ स्वतःच टाकला, दुसऱ्या कुणी टाकायच्या आत. खाली काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण 'गळकं' हा शब्द नव्हता असं कळलं. टाईल त्यानं आतल्या भिंतीला लावल्या, पुतळा आत बसवला. सोमवारी आलेल्या मिस्त्रीचा खाडा झाला नाही. क्वालिटी विभागातला माणूस माल वाया जाऊ देत नाही.

निघताना गुरुजींनी मला थांबवलं. "गॅरंटी देता म्हणे तुम्ही?"

"दहा वर्षं. लिहून."

"काय लिहिता?"

"पाणी येणार नाही, असं."

"मला उलटं लिहून द्या."

बावीस वर्षांत मी अनेक विचित्र गिऱ्हाइकं पाहिली, पण पाणी येईल याची गॅरंटी मागणारं हे पहिलं. मी त्यांना अटी समजावल्या. कठड्याची भोकं दर मे महिन्यात साफ करायची, खाचांत रंग भरायचा नाही, हौदात चपला ठेवायच्या नाहीत. गुरुजींनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "शेवटची अट कठीण आहे."

यंदाच्या जुलैत, तीन दिवस संततधार चालू असताना, सकाळी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

"पानी येतंय."

"बादली लावा, मी येतो," मी म्हणालो आणि छत्री शोधायला लागलो.

"हंडं लावल्यात की. लाईट गेली, मोटार बंद हाय, भितीला रांग लागलीया. तुमी येऊन काय करताय? गुर्जी म्हणलं, गॅरंटी दिलीया त्यास्नी तेवढं कळवा, म्हणून फोन लावला."